लॅपरोस्कोपीत पोट पुन्हा पुन्हा बसतंय? इन्सफ्लेटर दुरुस्तीला पाठवण्याआधी हे तपासा

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: ‘गॅस टिकत नाही.’ लॅपरोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये, पोट फुगवायला इन्सफ्लेटर हे मशीन सीओटू (कार्बन डायऑक्साइड) आत सोडतं. पित्ताशयाचं ऑपरेशन निम्म्यावर आलेलं असतं, क्लिप लावायची वेळ झालेली असते आणि नेमकं तेव्हाच पोट खाली बसतं, आतडी कॅमेऱ्यासमोर येतात. कुणीतरी सिलिंडर बदलतं, दहा मिनिटं बरं चालतं, परत तेच. दुसऱ्या दिवशी मशीन दुरुस्तीला जातं, ‘मशीन ओके’ असा शेरा घेऊन परत येतं आणि पुढच्या केसला तक्रार पुन्हा उभी राहते. कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरीतल्या छोट्या नर्सिंग होमपासून मोठ्या हॉस्पिटलपर्यंत ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) काम करणाऱ्या टेक्निशियन आणि सिस्टरांसाठी हे लिहिलं आहे. दोष मशीनमध्ये क्वचितच असतो. बहुतेक वेळा तो मशीनच्या पुढे किंवा मागे असतो, आणि कुठे आहे ते मशीनच सांगतं.

आधी पडदा वाचा

पडद्यावर चार आकडे असतात: ठरवलेलं प्रेशर, पोटातलं प्रत्यक्ष प्रेशर, मिनिटाला किती लिटर गॅस चाललाय तो फ्लो, आणि एकूण किती लिटर गेला. मोठ्या माणसाला प्रेशर साधारण 12 ते 15 मिमी पाऱ्याचं ठेवतात. पोट बसलं की कुठलीही नळी ओढण्याआधी हे चार आकडे मोठ्याने वाचा आणि हाताने पोट दाबून बघा.

प्रत्यक्ष प्रेशर कमी, फ्लो जोरात आणि लिटरचा आकडा पळतोय, तर गॅस पोटात जातोय पण बाहेर निसटतोय. ही गळती.

प्रत्यक्ष प्रेशर 15 किंवा त्याच्याही वर, फ्लो शून्य, आणि पोट मात्र मऊ, सपाट. हा अडथळा. इथे गोंधळ होतो, कारण मशीन ‘प्रेशर भरलं’ म्हणतंय आणि सर्जन ‘पोटात काही नाही’ म्हणतायत. दोघंही खरं बोलतात. बहुतेक इन्सफ्लेटर प्रेशर पोटात मोजत नाहीत, आपल्याच तोंडाशी मोजतात. नळी दुमडली, तोटी बंद राहिली किंवा फिल्टर भिजला की तोंडाशी प्रेशर चढतं, आणि पोट भरलं असं समजून मशीन गॅस थांबवतं.

प्रत्यक्ष प्रेशर कमी आणि फ्लोही कमी, तर गॅस मागूनच येत नाही, म्हणजे पुरवठ्याचा प्रश्न. पण सिलिंडरकडे धावण्याआधी फ्लोचं सेटिंग बघा. व्हेरेस निडलने (पोटात पहिला गॅस सोडायची बारीक सुई) सुरुवात करताना फ्लो मिनिटाला 1 लिटरवर ठेवलेला असतो. ट्रोकार (कॅमेरा, इन्स्ट्रुमेंट आत घालायची नळी, हाच पोर्ट) बसल्यावर फ्लो वाढवायचा राहून गेला, तर पुढची सगळी केस त्या एका लिटरवर चालते आणि एक ग्रास्पर (पकडायचं इन्स्ट्रुमेंट) बाहेर काढला तरी पोट बसतं. ही चूक इतकी साधी आहे की कुणी ती शोधतच नाही.

चौथी शक्यता म्हणजे प्रेशर ठरवल्यापेक्षा जास्त, फ्लो शून्य आणि पोट लाकडासारखं ताठ. हे गॅसचं काम नाही. स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा असर उतरतोय किंवा असिस्टंटचं कोपर पेशंटच्या पोटावर टेकलंय. भूलतज्ज्ञांना सांगा, मशीनला हात लावू नका.

गळती: ओळीने शोधा

सगळ्यात आधी सक्शन. सक्शन-इरिगेशनच्या हँडपीसचं बटण पूर्ण वर आलं नाही, आत सलाईनचे खडे जमले किंवा स्प्रिंग थकली, तर सक्शन हळूहळू सुरूच राहतं. पोटातला गॅस भिंतीवरच्या जारमध्ये जात राहतो आणि बाहेर कुठे बुडबुडाही दिसत नाही. परीक्षा सोपी आहे: सक्शनची नळी चिमट्याने बंद करा आणि अर्धा मिनिट फ्लोचा आकडा बघा. तो पडला तर चोर सापडला. बटण ठीक असलं तरी पूर्ण दाबलेलं सक्शन इन्सफ्लेटरपेक्षा जास्त वेगाने गॅस ओढू शकतं. त्यामुळे टोक द्रवात बुडालेलं असतानाच बटण दाबायचं, हवेत नाही.

दुसरं, ट्रोकारच्या बाजूच्या तोट्या. धूर काढायला उघडलेली तोटी उघडीच राहते. शिवाय जुन्या सेटमध्ये तोटीची चावी शंकूच्या आकाराची असते आणि ती आपल्याच घरात नीट बसते. धुताना चार ट्रोकारच्या चाव्या एकत्र पडल्या आणि अदलाबदल झाली, तर बंद केलेली तोटीही गळते. प्रत्येक ट्रोकार आणि त्याची चावी वेगळ्या जाळीत धुवा, किंवा दोन्हींवर एकसारखी खूण करून घ्या.

तिसरं ठिकाण फार कमी लोक बघतात: इन्स्ट्रुमेंटच. ग्रास्पर, मेरीलँड, कात्री यांच्या दांडीवर मुठीजवळ धुण्यासाठी एक छोटं तोंड असतं. त्याचं टोपण हरवलं की पोटातला गॅस दांडीच्या आतून सरळ त्या तोंडातून बाहेर येतो. पोर्टजवळ काहीच सापडत नाही, कारण गळती हाताच्या मुठीत आहे. इन्स्ट्रुमेंट बाहेर काढल्यावर फ्लो पडतो आणि परत घातल्यावर वाढतो, असं दिसलं की हेच. टोपणं अगदी लहान असतात आणि धुताना नालीतून वाहून जातात, त्यामुळे जास्तीची आणून ठेवा.

चौथं, ट्रोकारची सील. यात दोन वेगळे भाग आहेत आणि त्यांची कामंही वेगळी आहेत. वरची सिलिकॉनची टोपी किंवा वॉशर इन्स्ट्रुमेंटच्या दांडीभोवती घट्ट बसतो. आतला व्हॉल्व्ह, मग तो झडपेचा असो, बॉलचा असो वा ट्रम्पेटचा, इन्स्ट्रुमेंट बाहेर असताना तोंड बंद ठेवतो. इन्स्ट्रुमेंट आत असताना गळत असेल तर वॉशर गेलाय. बाहेर काढल्यावर गळत असेल तर व्हॉल्व्ह. 10 मिमीच्या पोर्टमधून 5 मिमीचं इन्स्ट्रुमेंट घालताना रिड्युसर (तोंड लहान करणारी टोपी) लागतोच. तो न लावता काम रेटलं तर कुठलंही मशीन पुरं पडणार नाही.

पाचवं, कातडी. चीर ट्रोकारपेक्षा मोठी झाली, किंवा वेळ गेल्यावर पोर्ट सैल पडला, की कडेने गॅस येतो. शंका असेल तर 20 सीसी सिरिंजने निर्जंतुक सलाईन पोर्टभोवती ओता, बुडबुडे जागा दाखवतील. बटव्याच्या तोंडासारखा टाका, टॉवेल क्लिप किंवा व्हॅसलीन लावलेला गॉझ पोर्टभोवती गुंडाळणं, यातलं काहीही चालतं. नाभीपाशी उघड्या पद्धतीने घातलेल्या पोर्टला पहिला टाका आधीच घेऊन ठेवावा. पोर्ट अर्धवट बाहेर सरकला असेल तर गॅस कातडीखाली शिरतो. तिथे बोट दाबलं की कुरकुर लागते. हे दिसलं तर लगेच सर्जन आणि भूलतज्ज्ञांना सांगा, कारण कातडीखालचा वायूही रक्तात शोषला जातो आणि श्वासातला सीओटूचा आकडा चढवतो.

गर्भाशय काढण्याच्या लॅपरोस्कोपीत योनिमार्ग उघडला की सगळा गॅस खालून जातो. ग्लोव्हमध्ये ओले मॉप भरून केलेला गोळा आधीच तयार ठेवा.

गळतीचा खर्च किती, याचा हिशेब एकदा करून बघा. मिनिटाला 5 लिटर गळती एक तास चालली तर 300 लिटर गॅस गेला, म्हणजे अर्ध्या किलोहून जास्त. पैशाचं सोडा, तो सगळा गॅस थंड आणि कोरडा असतो. पेशंटचं अंग गार पडतं आणि स्कोपवर सारखं धुकं येतं. लेन्स सतत पुसावी लागत असेल तर कधीकधी मूळ दुखणं गळतीच असते.

वॉशर आणि शिवाजी उद्यमनगर

आपल्या गावात शिवाजी उद्यमनगर आहे, लेथवर काय वाटेल ते बनवून देणारे कारागीर आहेत, आणि त्याचा मोह होतो. ट्रोकारचा वॉशर हायड्रॉलिकच्या दुकानातल्या ओ-रिंगने बदलू नका. ती बहुधा नायट्राइल रबराची असते. 121 किंवा 134 अंशांच्या वाफेत ती काही फेऱ्यांत कडक होते, मग चिकट, आणि तिचे कण ट्रोकारमधून थेट पोटात जाऊ शकतात. शीटमधून पंच करून काढलेल्या वॉशरचंही तेच: छिद्र अर्ध्या मिलिमीटरने मोठं झालं तर गळती, लहान झालं तर इन्स्ट्रुमेंट अडकतं. ट्रोकारच्याच कंपनीचा सिलिकॉन वॉशर घ्या आणि डब्यावर तारीख लिहा. तोटी घट्ट बसावी म्हणून ती ग्राइंडिंग पेस्टने घासून आणणं तर अजिबात नको, कण आत राहतात.

वॉशर लवकर कडक होण्यामागे पाणीही असतं. बोअरच्या पाण्यातले क्षार ऑटोक्लेव्हच्या उष्णतेने व्हॉल्व्हवर पांढरे बसतात, मग झडप पूर्ण मिटत नाही. शेवटचं खळबळणं डिस्टिल्ड किंवा आरओच्या पाण्यात करा. ग्लुटाराल्डिहाइडमध्ये (जंतू मारणाऱ्या द्रावणात) बुडवलेला सेट तर भरपूर निर्जंतुक पाण्याने आतून-बाहेरून धुवावाच लागतो, ते केमिकल पोटात जाता कामा नये.

अडथळा: मशीनपासून पोटाकडे

नळी मशीनपासून सुरू करून हाताने चाचपत पोर्टपर्यंत जा. टेबलाच्या चाकाखाली, टॉवेल क्लिपमध्ये, कॅमेरा केबलच्या गुंत्यात ती कुठेतरी दाबलेली सापडते. एकदाच वापरायची नळी पुन्हा पुन्हा निर्जंतुक केली की मऊ पडते आणि आपल्याच वजनाने दुमडते.

मग फिल्टर. तो पाणी पुढे जाऊ देत नाही, म्हणून भिजला की हवाही सोडत नाही. इन्सफ्लेटर पेशंटच्या पातळीखाली ठेवला असेल तर पोटातलं पाणी, रक्त नळीतून उलटं येतं आणि फिल्टर भिजतो. ट्रॉलीवर इन्सफ्लेटर वरच्या कप्प्यात हवा, निदान पेशंटच्या पोटाच्या वर. केस संपताना आधी नळी पोर्टवरून काढा, मग मशीन बंद करा. उलट केलं तर पोटाचं प्रेशर पाणी मशीनकडे ढकलतं. फिल्टर काढून टाकून काम भागवणं हा उपाय नाही. त्या वाटेने द्रव एकदा सेन्सरपर्यंत पोचला की मशीन खरंच बिघडतं, आणि पुढच्या पेशंटला मागच्या पेशंटचा संसर्ग जाऊ शकतो.

आता पोर्ट. गॅसची नळी कॅमेऱ्याच्या पोर्टला लावायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. 10 मिमीचा स्कोप 10 च्या पोर्टमध्ये बसला की गॅसला भोवतालची बारीक कडाच उरते, आणि थंड झोत लेन्सवरून जातो. 5 च्या पोर्टात 5 चं इन्स्ट्रुमेंट, तिथेही तेच. जिथे 10 च्या पोर्टातून रिड्युसर लावून 5 चं इन्स्ट्रुमेंट चाललंय, तिथे गॅस लावा. एवढ्यानेच फरक दिसतो. मिनिटाला 40 लिटर देणारं मशीन घेतलं तरी 40 लिटर पोटात जात नाहीत, कारण वाटेत तोटीचं बारीक छिद्र आहे. मोठं मशीन आणून हा प्रश्न सुटत नाही.

व्हेरेस निडलच्या वेळी फ्लो कमी दिसणं साहजिक आहे. त्या बारीक सुईतून मिनिटाला साधारण 2 ते अडीच लिटरच जातात, सेटिंग कितीही ठेवा. मात्र गॅस सुरू करताच पहिल्याच लिटरला प्रेशर 10 च्या वर गेलं तर सुई योग्य जागी नाही किंवा तिचं छिद्र चरबीला, ओमेंटमला (आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्याला) टेकलंय. मोठ्या माणसाच्या पोटात 15 पर्यंत पोचायला साधारण 3 ते 4 लिटर लागतात. फ्लो वाढवून रेटू नका, निर्णय सर्जनचा. सुई वापरण्याआधी आतली बोथट दांडी दाबली की टुणकन परत वर येते का, आणि सिरिंजने सलाईन सहज जातं का, हे दोन्ही बघून द्यायचं.

पुरवठा: सिलिंडरच्या प्रेशर मीटरची सुई फसवते

सीओटूचा सिलिंडर ऑक्सिजनसारखा नाही. ऑक्सिजनमध्ये सुई निम्म्यावर आली की गॅस निम्मा राहिला. सीओटू आत द्रवरूपात असतो आणि द्रव आहे तोवर सुई फक्त तापमान सांगते: 20 अंशांना सुमारे 57 बार, 25 ला 64, 30 ला 72. 31 अंशांच्या वर द्रव राहतच नाही. म्हणजे एप्रिलमध्ये कोल्हापुरात गच्चीवर किंवा जिन्याखाली ठेवलेला सिलिंडर ‘फुल’ दिसतो आणि एसी ओटीत आणून तासभर ठेवला की सुई उतरते. गॅस गेलेला नसतो. याच्या उलटही होतं: द्रव शेवटाला आलेला असताना सुई ठाम 57 वर असते आणि मग घसरते ती भराभर.

म्हणून वजन करा. रिकाम्या सिलिंडरचं वजन खांद्यावर ठोकलेलं असतं. काट्यावर आलेल्या वजनातून ते वजा केलं की उरलेला गॅस किलोत कळतो. 1 किलोचा वायू सुमारे 540 लिटर. 20 लिटरचा फ्लो सलग लागला तर तो 27 मिनिटं पुरतो. सकाळी यादीतल्या पहिल्या केसआधी वजन लिहून ठेवा. भरून आलेला सिलिंडरही घेतानाच काट्यावर चढवा, कमी भरलेला तिथेच कळेल.

सुई केस चालू असताना उतरते आणि चहाच्या सुट्टीत परत चढते, असं झालं तर घाबरू नका. द्रवाचा वायू होताना सिलिंडर गार पडतो, लहान सिलिंडर जास्त, आणि प्रेशर उतरतं. रेग्युलेटरवर दव किंवा बर्फ दिसलं तर मात्र थांबा. एक तर गळतीमुळे फ्लो बेसुमार आहे, किंवा द्रव सीओटू सिलिंडरमधून थेट बाहेर येतोय.

हे दुसरं कारण आपल्याकडे विशेष लक्षात ठेवायचं. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांमध्ये सिलिकेट मिसळलेल्या वाळूचे मोल्ड, कोअर सीओटूने कडक करतात, वेल्डिंगलाही तोच वायू जातो. त्यामुळे या पट्ट्यात सीओटूचे सिलिंडर मुबलक, आणि अडीअडचणीला ‘कुठूनतरी’ सिलिंडर येऊ शकतो. औद्योगिक सिलिंडर ओटीत नको. त्यातली ओल, तेल, गंज यांची वैद्यकीय प्रतीची तपासणी झालेली नसते. ही घाण मशीनच्या आतली बारीक जाळी आणि रेग्युलेटर बुजवते, आणि मग फ्लो केसागणिक कमी होत जातो. काही सिलिंडरांत तळापर्यंत जाणारी नळी असते, द्रव काढण्यासाठी. असा सिलिंडर उभा ठेवला तरी द्रवच देतो. साधा सिलिंडर आडवा केला तर तेच. सिलिंडर नेहमी उभा, साखळीने बांधलेला, आणि पुरवठादाराकडून वैद्यकीय प्रतीचं लेबल व बॅच नंबर घेतलेला हवा. मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात स्वतः गॅस ओतून घेणं हे परवान्याशिवाय बेकायदा आहे आणि जीवावरचं आहे.

जोडणीत बघायचं ते थोडं आहे. सीओटूच्या योकला (सिलिंडरवर बसणाऱ्या जोडाला) पिना 1 आणि 6 या जागी असतात, ऑक्सिजनच्या 2 आणि 5. मधला बोडॉक वॉशर एकच. गळतं म्हणून दोन वॉशर एकावर एक लावले तर पिना भोकात पूर्ण बसत नाहीत आणि चुकीचा सिलिंडर जोडला जाण्याची वाट मोकळी होते. टेफ्लॉन टेप, ग्रीस काही लावू नका. व्हॉल्व्ह पान्याने हळू उघडा, साबणाचं पाणी लावा, फेस आला तर बंद करून वॉशर बदला.

आदल्या संध्याकाळची दहा मिनिटं

निर्जंतुक करण्याआधी प्रत्येक ट्रोकार जोडा, तोटी बंद करा, खालचं तोंड ग्लोव्ह घातलेल्या अंगठ्याने दाबा आणि पाण्यात बुडवा. तोटीला 50 सीसी सिरिंज लावून तोटी उघडा आणि हवा ढकला. आधी इन्स्ट्रुमेंटशिवाय, मग 5 ची दांडी घालून. बुडबुडा कुठून येतो तो भाग बदला, सगळा ट्रोकार नाही.

मशीनची परीक्षा घ्यायची तर वेगळी, ओटीत न वापरायची नळी ठेवा. मशीन नळी मोकळी असताना सुरू करा. बरीच मशीन सुरू होताना शून्य धरतात, पोटाला जोडून सुरू केलं तर शून्यच चुकतं. नळी मोकळी असताना प्रेशर शून्याजवळ, हाताने दुमडल्यावर फ्लो शून्य आणि अलार्म, एवढं दिसलं पाहिजे. प्रेशर खरं आहे का हे बघायला टी-जोड घालून बीपीचं मीटर लावा, दुसरं तोंड बंद करा आणि 15 ठेवा. मीटरही 15 च्या जवळ थांबलं पाहिजे. मीटर नसेल तर उंच बाटलीत पाणी भरून नळीचं टोक 20 सेंटीमीटर खोल धरा, मशीन बाटलीच्या वर ठेवून. 15 मिमी पारा म्हणजे 20.4 सेंटीमीटर पाणी. 15 वर बारीक बुडबुडे येऊन 14 वर ते थांबले तर सेन्सर ठीक आहे.

शोधाशोध कधी थांबवायची

हे सगळं तपासणं पेशंट स्थिर असतानाच. गॅस चालू असताना नाडी एकदम मंदावली तर गॅस थांबवून पोट मोकळं करायचं, कारण पोटाचं अस्तर ताणलं की असं होऊ शकतं. श्वासातला सीओटू अचानक कोसळला आणि बीपीही पडलं, तर वायू शिरेत गेल्याची शंका घ्यायची: गॅस बंद, पोट मोकळं, पूर्ण ऑक्सिजन, डावी कूस, डोकं खाली, आणि पुढचं भूलतज्ज्ञ सांगतील तसं. त्या क्षणी तोटी आणि वॉशर कुणी बघत बसू नये.

एवढं करूनही दोष मशीनमध्येच वाटला तर इंजिनिअरला फोन करताना हे हाताशी ठेवा: पोट बसलं तेव्हाचे चारही आकडे, सिलिंडरचं वजन आणि सुई, पोर्ट कुठला आणि नळी नवी की जुनी, सक्शन बंद करून फरक पडला का, आणि बीपी मीटरवर 15 च्या जागी किती आलं.